भूकंप भूगोलात, न्यूटन विज्ञानात आणि पोरं मधल्या सुट्टीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या धोरणाप्रमाणे राज्यातली पाठ्यपुस्तकं बदलायला लागलीत, पहिलीपासून सुरुवात झालीय, नववी-दहावीचा नंबर अजून यायचाय. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, कारण एकदा पुस्तकं छापून दुकानात आली की पुढची दहा वर्षं कुणी ऐकून घेत नाही, "आता पुढच्या वेळी बघू सर" म्हणून वाटेला लावतात. मी औसा तालुक्यात, लातूर जिल्ह्यात, एका अनुदानित हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मागणी एकच आहे. भूकंप, खडक, जमिनीतलं पाणी, पाऊस हे जे भूगोलात कोंबून ठेवलंय ते आणि विज्ञानातलं भौतिकशास्त्र यांची एकदा नीट गाठ घालून द्या. भूगोलातून काढा असं म्हणत नाही, पण दोन्ही एकमेकांना ओळखतील असं तरी करा.

आता काय चाललंय ते सांगतो. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम', न्यूटनचे तिन्ही नियम त्यात. नववीच्या भूगोलाचा दुसरा धडा 'अंतर्गत हालचाली', भूकंप ज्वालामुखी सगळं त्यात. म्हणजे शाळा उघडल्या उघडल्या दोन्ही धडे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या पोरांना शिकवले जातात, तिसऱ्या तासाला मी जडत्व शिकवून बाहेर पडतो आणि चौथ्या तासाला भूगोलाच्या मॅडम भूकंप शिकवायला आत येतात, दारात आमची गाठ पडते पण धड्यांची काही पडत नाही. मी उदाहरण देतो की बस अचानक थांबली की प्रवासी पुढे फेकला जातो. मॅडम प्राथमिक लहरी, द्वितीय लहरी, भूपृष्ठ लहरी फळ्यावर लिहून देतात. पोरांच्या दोन वह्या, दोन कव्हरं, विषय संपला. आणि दहावीला गेलं की भूगोल जातो ब्राझीलला. भारत आणि ब्राझीलची तुलना, नकाशे, आलेख, पुस्तक वाईट नाही, उलट मला आवडतं, पण जमिनीच्या पोटातलं जे नववीत सुरू झालं होतं ते तिथंच अर्धवट राहतं. अकरावी-बारावीला भूशास्त्र हा विषय बोर्डाच्या यादीत आहे, पण तो ठेवणारी कॉलेजं दिवा घेऊन शोधावी लागतात आणि नीट-जेईईत ज्याला मार्क नाहीत तो विषय आमच्याकडं कोण घेणार, लातूर पॅटर्नच्या गावात असं नुसतं बोललं तरी पालक वेड्यात काढतात.

बरं, आमचा भाग कुठला आहे बघा. किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ रिश्टरचा भूकंप झाला, ५२ गावं जमीनदोस्त, हजारो माणसं गेली. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या निम्म्याअधिक पोरांच्या घरात त्या रात्रीची गोष्ट आहे. आणि त्याच पोरांना आम्ही जडत्व कशावरून शिकवतो तर बसवरून.

मी काय करतो ते सांगतो. पुस्तकातली बस एका मिनिटात उरकतो आणि फळ्यावर जुनं माळवदाचं घर काढतो. दगडाच्या भिंती, चुना-सिमेंट काही नाही, दगड मातीत बसवलेले, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं धाबं. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती टाकायची, त्यामुळं धाबं वर्षागणिक जाड होत जायचं. समजा खोली दहा बाय बारा, माती दीड फूट. क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मीटर, जाडी ०.४५ मीटर, म्हणजे पाच घनमीटर माती, घनमीटरला १६०० किलो धरा, झाले ८००० किलो. आठ टन डोक्यावर! आता खालची जमीन आडवी हलली, त्वरण समजा २ मीटर प्रति सेकंद वर्ग. जमीन हलली तरी धाबं जडत्वामुळं जागेवर राहू बघणार, त्याला सोबत ओढायचं तर भिंतीनं बल लावायला पाहिजे, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, १६००० न्यूटन, तेही आडवं, आणि एकदा नाही, इकडून तिकडून पुन्हा पुन्हा. मातीत बसवलेले दगड हे कसं सहन करणार? त्याच खोलीवर शंभर किलोचे पत्रे असते तर हाच आकडा २०० न्यूटन. भूकंपानंतर लोक कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्येच झोपायचे, दगडी घरात जायला तयार नव्हते. त्यांनी न्यूटन वाचलेला नव्हता पण त्यांना कळलं होतं.

एका मुलीनं विचारलं, "म्हणजे सर, आमच्या आजोबांचं घर भूकंपानं नाही, माळवदानं पाडलं का?" अगदी तसं नाही म्हणता येणार, तिथं केंद्र उथळ होतं आणि भूकंपही मोठा होता, पण प्रश्न तर बरोबर दिशेनं निघाला ना. आणि लगेच मागच्या बाकावरून दुसरा, "सर हे परीक्षेला येतंय का?" येत नाही. बस येते.

भूकंपाच्या लहरींचंही तसंच. विज्ञानात 'ध्वनीचा अभ्यास' म्हणून धडा आहे, त्यात ध्वनी ही अनुतरंग लहर, माध्यमाचे कण पुढे-मागे हलतात, वगैरे. आता भूगोलातली प्राथमिक लहर हीच की, खडकातून जाणारी अनुतरंग लहर, आणि द्वितीय लहर म्हणजे कण आडवे हलणारी, म्हणूनच ती द्रवातून जात नाही आणि म्हणूनच पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे कळलं, कुणी खाली जाऊन बघून आलेलं नाही. हे एवढं सुंदर प्रकरण दोन पुस्तकांत दोन तुकडे करून ठेवलंय. गणित पण साधं आहे. प्राथमिक लहर कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, द्वितीय सुमारे साडेतीन. दोन्ही एकाच वेळी निघतात, तुमच्या यंत्रावर दोघींत १० सेकंदांचा फरक पडला तर केंद्र किती लांब? नववीचं पोरगं अंतर-वेग-वेळ लावून काढतं, साधारण ८४ किलोमीटर येतं. अशी तीन ठिकाणांची अंतरं घेऊन कंपासनं तीन वर्तुळं काढली की जिथं एकमेकांना छेदतील तिथं केंद्र. भूमिती, भौतिकशास्त्र, भूगोल, तिन्ही एका पानावर.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, त्या दिवशी व्हॉट्सअपवर काय काय फिरलं विचारू नका, "रात्री मोठा येणार, नासानं सांगितलंय" इथपर्यंत. पदवीधर माणसं फॉरवर्ड करत होती. अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप येणार असं जगात कुणालाच सांगता येत नाही, आणि रिश्टरचा एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे किल्लारीचा ६.२ हा या ४.५ च्या साडेतीनशे पट, ह्या दोन गोष्टी दहावीपर्यंत पक्क्या झाल्या असत्या तर निम्मे मेसेज तिथंच मेले असते.

आता एक गंमत. भूगोलाच्या पेपरात प्रश्न असतो 'भौगोलिक कारणे लिहा' आणि विज्ञानाच्या पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा'. दिवसा वारे समुद्राकडून जमिनीकडे का येतात, हे भूगोलात लिहायचं तर 'जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापते', बस, मार्क मिळाले. का उशिरा तापते? ते दहावीच्या विज्ञानात, 'उष्णता' धड्यात, विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एखादा पदार्थ एक अंशानं तापायला किती उष्णता खातो ते. पण त्या धड्यात समुद्र नाही, तिथं मेण आणि तापवलेले धातूचे गोळे आहेत. त्याच धड्यात अप्रकट उष्मा आहे, दवबिंदू आहे, आर्द्रता आहे, म्हणजे पाऊस का पडतो याचं जवळजवळ सगळं सामान तिथं मांडून ठेवलंय आणि पाऊस मात्र एक वर्ष आधीच भूगोलाच्या 'वृष्टी' धड्यात पडून गेलाय.

पाण्याबद्दल तर लातूरकरानं काय बोलावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्यानंतर बोअर किती पडले त्याची मोजदाद नाही, पाचशे फूट, सातशे फूट, आठशे फूट. हे खाली नक्की काय आहे ते पोरांना माहीत असायला नको का? आपला हा दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक येऊन पडले, भाकरीच्या चवडीसारखे, आज जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत. काळा पाषाण अखंड असला तर त्यात पाणी थांबायला जागाच नाही, पाणी असतं ते थराच्या वरच्या सच्छिद्र भागात, मुरमात, भेगांत, म्हणून शेजारच्या बांधावर दोन इंची पाणी आणि आपल्यात नुसता धुरळा असं होतं, नशीब वगैरे काही नाही. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतला होता तेव्हा ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, त्याच्या खाली थोडा गाळाचा खडक आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा जुना पाया. म्हणजे सुमारे अकराशे फूट बेसाल्ट, आणि आपण आठशेपर्यंत पोचलोय.

इथं भौतिकशास्त्र कसं येतं बघा. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. एक हजार लिटर पाणी दीडशे मीटर वर आणायला कार्य किती? १००० गुणिले ९.८ गुणिले १५०, चौदा लाख सत्तर हजार ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे ०.४ युनिट, आणि पंप-मोटर-केबलची गळती धरून त्याच्या दुप्पट पकडा. दहा हजार लिटरचा एक टँकर भरायला आठ युनिट. आजोबांच्या विहिरीत पाणी पन्नास फुटांवर होतं तेव्हा हेच काम एक दशांश विजेत व्हायचं. हे गणित मी घातलं की शेतकऱ्याची पोरं अशी तुटून पडतात, घरचं लाइट बिल घेऊन येतात, पंप किती एचपीचा, किती तास चालतो, विचारून येतात. पुस्तकात याच सूत्रावर गणित आहे, अमुक उंचीवर ठेवलेल्या अमुक किलोच्या वस्तूची स्थितिज ऊर्जा काढा. कुणाची वस्तू, कशाला ठेवली, काही पत्ता नाही.

अजून एक. विहिरीच्या काठावर बसवलेली मोटर पाणी पंचवीस फुटांच्या खाली गेलं की उचलत नाही, मग क्रेन लावून ती आत उतरवून टप्प्यावर ठेवतात, हे आमच्याकडं सातवीतल्या पोराला पण माहीत असतं. का उचलत नाही? कारण मोटर पाणी ओढत नसते, ती फक्त पाइपातली हवा कमी करते, पाणी वर ढकलतो तो वातावरणाचा दाब, आणि तो जास्तीत जास्त दहा मीटरच्या आसपास पाणी उभं करू शकतो, प्रत्यक्षात सात-आठच. कितीही एचपीची मोटर आणा, फरक पडणार नाही. म्हणून बोअरची मोटर पाण्यात बुडवून ठेवतात आणि ती खालून ढकलते. आठवीला 'बल व दाब' धड्यात वातावरणाचा दाब शिकतोच की आपण, विहीर तेवढी घालायची राहिली.

आणि धाराविद्युत. ओहमचा नियम, रोधकता म्हणजे पदार्थ विजेला किती अडवतो ते, तांबं आणि नायक्रोमचा तक्ता. भूजलवाले लोक जमिनीत पाण्याचा शोध घेतात तो याच नियमानं. चार सळया एका रेषेत रोवायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून विद्युतधारा सोडायची, आतल्या दोघींमधला विभवांतर मोजायचा, ओला थर असेल तिथं रोधकता कमी, अखंड पाषाण असेल तिथं जास्त, सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की आणखी खालचं कळतं. पोरांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात. कारण त्यांनी गावात काय बघितलंय? पाणाड्या. तळहातावर नारळ घेऊन रानात फिरणारा, नारळ उभा राहिला की "इथं पाडा", दक्षिणा वेगळी. बोअर कोरडा गेला तर म्हणे तुमच्या घरातलं कुणीतरी आडवं गेलं असेल. बोअरचा खर्च लाखावर जातो हो, अन् दहावीत ओहमच्या नियमावर पाच मार्क मिळवलेला बाप नारळामागं चाललेला असतो. मी त्याला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही की तो नियम शेतात लागू पडतो.

आम्ही शाळेत यावर एक साधा उद्योग करतो. गावात बोअरची गाडी आली की मशीनवाल्यांशी बोलून दोन-तीन पोरं तिथं उभी करायची, लांबून, रुमाल बांधून. प्रत्येक रॉड खाली गेला की बाहेर येणारी भुकटी एका पिशवीत भरायची आणि वर खोली लिहायची. सुरुवातीला तांबूस मुरूम, मग करडी-काळी बारीक भुकटी फूटच्या फूट, मधेच एकदम लालभडक गेरू निघतो, दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा थर कुजून झालेला, कधी पांढरे चमकणारे कण, आणि पाणी लागलं की भुकटीचा चिखल होतो. मग काचेच्या लांब नळीत ते सगळं क्रमानं भरलं की गावाच्या पोटाचा उभा छेद तयार. आमच्या प्रयोगशाळेत अशा नळ्या भिंतीला लावून ठेवल्यात. नव्यानं शेती घेतलेले दोघं-तिघं तर बोअर पाडायच्या आधी येऊन बघून गेले, हे मला पगारापेक्षा भारी वाटलं.

लातूरचं मी सांगितलं कारण मी इथला. पण पाटण-कराडकडच्या शाळेत कोयना घ्या ना, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, धरणाच्या पाण्याशी जोडला गेलेला, जगभरातले शास्त्रज्ञ अभ्यासाला येतात, कोयना परिसरात त्यासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय. शंभर मीटर पाण्याच्या तळाला दाब किती, हे गणित तिथल्या पोरांनी नाही सोडवायचं तर कुणी? आंबेगाव-खालापूरकडं माळीण आणि इर्शाळवाडी, उतार, घर्षण, मातीत मुरलेलं पाणी. बुलडाण्याला लोणार, बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, गतिज ऊर्जेचं एवढं मोठं उदाहरण अंगणात असताना आपण पोरांना बंदुकीच्या गोळीचं गणित देतो. शून्य सावलीचा दिवस, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, मात्र सोडून देऊ, आमच्या इथं तो एकदा मेच्या मध्यात येतो तेव्हा सुट्ट्या आणि दुसऱ्यांदा जुलैअखेर येतो तेव्हा ढग, तिथं बोर्ड तरी काय करणार.

विरोध कुठून होईल ते मला माहीत आहे. भूगोलाचे शिक्षक म्हणतील आमचे तास जाणार, आधीच ४० मार्कांचा विषय करून ठेवलाय. त्यांची भीती खोटी नाही, तास गेले की पद जातं. म्हणून मी तास हलवा म्हणत नाही, आमच्या मॅडमना माझ्यापेक्षा भूरूपं कितीतरी जास्त कळतात. विज्ञानवाले म्हणतील आम्हाला बीएस्सीला भूशास्त्र नव्हतं, आता हे कुठून शिकवायचं, तर त्यासाठी प्रशिक्षण असतं ना, दरवर्षी कशा-कशाची प्रशिक्षणं होतात, चहा-बिस्किटं खाऊन परत येतो, त्यात एक हे घाला. आणि पालक म्हणतील नीटला उपयोग काय. उपयोग आहे, फिजिक्सची गणितं ज्याला डोळ्यासमोर दिसतात त्याला ट्रिक पाठ कराव्या लागत नाहीत, पण समजा नसला उपयोग तरी चालेल. जपानमध्ये हायस्कूलला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि चौथं भूशास्त्र, असे चार विज्ञान विषय आहेत. शाळकरी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय भूविज्ञान ऑलिंपियाड असतं, २०१३ मध्ये ते आपल्याच देशात म्हैसूरला झालं होतं, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या ऑलिंपियाडचे क्लास लावणाऱ्या किती पालकांनी त्याचं नाव ऐकलंय?

तर अभ्यास मंडळाला सांगणं असं की नववीत दोन्ही विषयांचा मिळून एक धडा ठेवा, तो विज्ञान आणि भूगोलाच्या शिक्षकांनी मिळून शिकवायचा, आणि विज्ञानाच्या पेपरात निदान एक गणित असं विचारा ज्यात विहीर, धरण, भूकंप, डोंगर काहीतरी असेल, कारण पेपरात आलं की शिकवलं जातं, हे तुम्हालाही माहीत आणि आम्हालाही. दहावीच्या भूगोलात 'क्षेत्रभेट' असा पहिलाच धडा आहे, तो पोरं शाळेबाहेर पाऊल न टाकता पाठ करतात आणि मार्क घेतात, प्रश्नावली कशी तयार करावी हे सुद्धा गाइडमधून. त्या ऐवजी एक खरीखुरी भेट, गावातल्या एका विहिरीपर्यंत का असेना, मोजमापासकट, अंतर्गत गुणांत धरा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याची पातळी दोरीनं मोजायची, थर बघायचे, पंपाचं गणित करायचं. खर्च दोरीचा.

आमच्यापुरतं म्हणाल तर दिवाळीनंतर गावात दोन बोअर पडणार आहेत, मशीनवाल्यांना सांगून ठेवलंय, पोरांनी पिशव्या गोळा करून ठेवल्यात. फक्त हे काम विज्ञानाच्या जर्नलमध्ये लिहायचं की भूगोलाच्या वहीत, आणि जर्नलमध्ये लिहायचं तर कुठल्या प्रयोगाच्या नावाखाली, एवढं बोर्डानं कळवलं तर बरं होईल, गेल्या वर्षी आम्ही ते 'ओहमच्या नियमाचा पडताळा' याच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं होतं.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. औसा, जि. लातूर